दोन गावांचं माणूस : जर्मनीतल्या दुहेरी नागरिकत्वाची गोष्ट



आपल्या कार्यक्रमाकडे गटांचे प्रश्न येतात ते बहुतेक कर्जाचे, रेशनचे, शाळेचे, दवाखान्याचे. या वेळी एका गटाने वेगळाच प्रश्न पाठवला. गावातल्या दोन मुली नर्सिंग शिकल्या, आता जर्मन भाषेच्या क्लासला जातात, पुढे तिकडे नोकरीला जायचं म्हणतात. गटाचा प्रश्न असा : त्या तिकडेच राहिल्या आणि तिकडच्या नागरिक झाल्या, तर इथल्या राहतात का? माणसाला दोन्हीकडचं होता येतं का?

प्रश्न एका ओळीचा आहे, पण जर्मनीने त्यावर साठ वर्षं वाद घातला. त्यापायी निवडणुका फिरल्या, लाखो लोकांनी सह्या केल्या, घरंही जळली. अखेर 2024 साली कायदा बदलला. आज आपण ही गोष्ट पहिल्यापासून समजून घेऊ आणि शेवटी आपल्या देशाचा नियम काय आहे तेही पाहू.

नागरिकत्व म्हणजे नेमकं काय?

आपल्याला रेशनकार्डाचं उदाहरण जवळचं आहे. लग्न होऊन मुलगी सासरी आली की तिचं नाव सासरच्या कार्डावर चढवायचं असतं. त्यासाठी आधी माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागतो. एक नाव, एक कार्ड. नागरिकत्वाच्या बाबतीत जगातल्या अनेक देशांचा नियम असाच होता आणि काहींचा आजही आहे. दुसऱ्या देशाचं नागरिक व्हायचं असेल तर पहिल्या देशातून नाव कमी करून या.

पण नागरिकत्व हे धान्यापुरतं नसतं. मत कुठे द्यायचं, निवडणुकीला कुठे उभं राहायचं, कोणत्या देशातून आपल्याला कुणी हाकलू शकत नाही, संकटात कोणत्या सरकारने धावून यायचं, हे सगळं त्यावर ठरतं. समजा, एखादी बाई तुमच्या गावात तीस वर्षं राहते. घरपट्टी भरते, पाणीपट्टी भरते, तिची मुलं गावच्या शाळेत शिकली. पण ग्रामपंचायतीला तिला मत नाही, ग्रामसभेत हात वर करता येत नाही. गाव तिचं आहे की नाही? जर्मनीत लाखो माणसं अशीच राहत होती.

पाहुणे म्हणून बोलावले

दुसऱ्या महायुद्धात जर्मनी बेचिराख झाली आणि तिचे दोन देश झाले. पश्चिम जर्मनीत कारखाने पुन्हा उभे राहिले तेव्हा काम भरपूर आणि हात कमी अशी अवस्था आली. सरकारने बाहेरच्या देशांशी करार केले. 1955 मध्ये इटलीशी, 1960 मध्ये स्पेन आणि ग्रीसशी, 1961 मध्ये तुर्कस्तानशी, पुढे मोरोक्को, पोर्तुगाल, ट्युनिशिया आणि युगोस्लाव्हियाशी.

या माणसांना तिथे नाव पडलं ‘पाहुणे कामगार’. पाहुणा म्हटला की तो चार दिवस राहून जाणार. ऊसतोडीची टोळी जशी हंगामाला येते आणि पट्टा पडला की परत फिरते, तसंच हे होणार असं सरकारने धरलं होतं. तुर्की कामगारांना तर सुरुवातीला दोनच वर्षं राहण्याची मुभा होती. पण शिकवून तयार केलेला माणूस दोन वर्षांनी परत पाठवायचा आणि नव्याला पहिल्यापासून शिकवायचं, हे कारखानदारांना परवडेना. म्हणून 1964 मध्ये ती अट गेली.

1955 ते 1973 या काळात साधारण 1 कोटी 40 लाख परदेशी माणसं पश्चिम जर्मनीत आली आणि त्यातली सुमारे 1 कोटी 10 लाख परत गेली. म्हणजे बहुतेक जण खरोखरच पाहुण्यासारखे गेले. पण लाखो लोक राहिले. 1973 मध्ये तेल महागलं, काम घटलं आणि सरकारने नवी भरती बंद केली. त्याचा परिणाम उलटाच झाला. आता एकदा गेलो तर परत येता येणार नाही, हे ओळखून लोकांनी बायकामुलांना तिकडेच बोलावून घेतलं. संसार तिकडे मांडले गेले.

बायाही कामगार होत्या

परदेशी कामगार म्हटलं की पुरुष डोळ्यांपुढे येतो. पण तुर्कस्तान, ग्रीस, युगोस्लाव्हियामधून हजारो बाया एकट्या कामाला आल्या होत्या. काही तर नवऱ्याच्या आधी आल्या आणि मागून नवऱ्याला बोलावून घेतलं. रेडिओचे भाग जोडणं, शिवणकाम, मासे आणि डबाबंद खाणं तयार करणं अशी कामं त्यांच्या वाट्याला होती.

त्यांच्यासाठी पगाराचा एक वेगळा गट होता, ‘हलक्या कामाचा’. काम दिवसभर उभं राहून, यंत्राच्या वेगाने करायचं, पण ते बाया करतात म्हणून हलकं आणि हलकं म्हणून पगार कमी. शेतात पुरुषाच्या बरोबरीने राबून बाईचा रोज कमी असतो, त्यातलाच हा प्रकार. ऑगस्ट 1973 मध्ये नॉयस या गावात पियरबुर्ग नावाच्या कारखान्यातल्या बायांनी याविरुद्ध संप केला. कारखान्यात गाड्यांचे कार्ब्युरेटर बनत. संपातल्या बहुतेक जणी परदेशी होत्या. पोलीस आले, मारझोडही झाली. पण काही दिवसांनी जर्मन कामगारही त्यांच्या बाजूने उतरले आणि तो हलका गट त्या कारखान्यातून काढून टाकावा लागला. ज्यांना त्या देशात मत नव्हतं, त्यांनी हे करून दाखवलं.

रक्ताने जर्मन, की जन्माने?

आता तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं राहिल्यावर ही माणसं जर्मन नागरिक का झाली नाहीत? त्याचं उत्तर 1913 सालच्या एका कायद्यात आहे. जर्मन कोण, तर ज्याचा बाप जर्मन तो. जन्म कुठे झाला याला किंमत नव्हती. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या रशियाकडे राहिलेल्या जर्मन वंशाच्या कुटुंबाला, भाषा विसरली असली तरी, नागरिकत्व मिळे. पण बर्लिनमध्ये जन्मलेलं, तिथल्याच शाळेत शिकलेलं, जर्मन भाषेत स्वप्नं पाहणारं तुर्की मजुराचं मूल मात्र परदेशीच.

या कायद्यात बाईची जागा कुठे होती तेही ऐका. जर्मन बाईने परदेशी पुरुषाशी लग्न केलं की साधारणपणे तिचं जर्मन नागरिकत्वच जायचं. ही रीत 1953 पर्यंत चालली. त्यानंतरही तिची मुलं बापाच्या देशाची धरली जात. 1974 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने हे स्त्री-पुरुष समानतेच्या विरुद्ध ठरवलं आणि 1975 पासून लग्नाच्या जर्मन आईचं मूलही जर्मन होऊ लागलं. जी मुलं त्याआधी वगळली गेली होती, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या वंशजांसाठी 2021 मध्ये पुन्हा कायदा करून दार उघडलं. आपल्याकडेही फार वेगळं नव्हतं. परदेशात जन्मलेल्या मुलाला वारशाने भारतीय नागरिकत्व मिळायचं ते बापाकडूनच. आईकडून मिळण्याची सोय 1992 च्या दुरुस्तीने झाली.

जर्मनीतल्या तुर्की माणसांना अर्ज करून नागरिक होता येत असे, पण वाट लांब होती आणि शेवटी अट एकच : आधी तुर्कस्तानचं नागरिकत्व सोडून या. अनेकांचं पाऊल इथे अडलं. गावाकडे आईबाप होते, जमिनीत वाटा होता, मेल्यावर माती तिकडेच मिळावी अशी इच्छा होती. वडिलांच्या जमिनीवरच्या हक्कसोडपत्रावर सही करताना आपला हात कसा जड होतो, ते आठवा. पैशाचा हिशेब वेगळा, पण ‘आता इथे माझं काही नाही’ हे लिहून देणं जड जातं.

झोलिंगनची आई

1990 मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या. बेकारी वाढली आणि परक्यांवरचा राग उफाळला. 29 मे 1993 च्या पहाटे झोलिंगन या शहरात काही तरुणांनी एका तुर्की कुटुंबाचं घर पेटवलं. पाच जणी मेल्या. त्यात मेव्हल्युदे गेंच या बाईच्या दोन मुली, दोन नाती आणि एक भाची होती. सगळ्यात धाकटी चार वर्षांची.

मेव्हल्युदे गेंच तुर्कस्तानातल्या खेड्यातून आलेल्या साध्या बाई. त्यांनी सूड मागितला नाही. द्वेष नको, तुर्की आणि जर्मन माणसांनी एकत्र राहावं, हेच त्या अखेरपर्यंत सांगत राहिल्या. इतकं होऊनही त्या तो देश सोडून गेल्या नाहीत. उलट 1995 मध्ये त्यांनी जर्मन नागरिकत्व घेतलं. दुसऱ्या वर्षी देशाने त्यांना मोठा सन्मान दिला आणि 2012 मध्ये राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या सभेत त्यांना बसवलं. 2022 मध्ये त्या वारल्या.

या घटनेने जर्मन समाजाला एका प्रश्नापुढे उभं केलं. ज्या घरात लेकी वाढल्या आणि ज्या घरात त्या जळून मेल्या, तो देश त्यांचा नव्हता का?

सह्यांची मोहीम आणि अर्धा कायदा

1998 मध्ये नवं सरकार आलं आणि त्याने दुहेरी नागरिकत्वाला परवानगी द्यायचं ठरवलं. विरोधी पक्षाने त्याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली. सुमारे 50 लाख सह्या झाल्या. त्याच जोरावर 1999 मध्ये हेसे राज्याची निवडणूक विरोधकांनी जिंकली. राज्यांच्या सभागृहात सरकारचं बहुमत गेलं आणि कायद्याला कात्री लावावी लागली.

तरी 1 जानेवारी 2000 पासून मोठा बदल झाला. आई किंवा बाप आठ वर्षं कायदेशीर राहत असतील आणि त्यांच्याकडे कायम राहण्याचा परवाना असेल, तर जर्मनीत जन्मलेलं मूल जन्मतःच जर्मन. रक्ताच्या जोडीला मातीही मोजली जाऊ लागली. पण अट अशी, की मोठं झाल्यावर, अठरा ते तेवीस वर्षांच्या दरम्यान, त्या मुलाने दोन्हीपैकी एक निवडायचं. नाही निवडलं तर जर्मन नागरिकत्व जाणार. आई आवडते की बाबा, हा प्रश्न आपण लहान मुलांना गंमतीने विचारतो. इथे तो सरकारने कागदावर विचारला. 2014 मध्ये जर्मनीतच वाढलेल्या मुलांपुरती ही सक्ती काढून टाकण्यात आली.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं काय?

त्यांचं म्हणणं नीट ऐकून घ्यायला हवं, कारण ते सगळं द्वेषातून आलेलं नाही. पहिला मुद्दा निष्ठेचा. दोन देशांत भांडण झालं तर हा माणूस कोणाचा? दुसरा मुद्दा दोन मतांचा. एका माणसाला दोन देशांत मत, हे बाकीच्यांवर अन्याय नाही का? 2017 मध्ये तुर्कस्तानच्या अध्यक्षांचे अधिकार वाढवण्यावर सार्वमत झालं. जर्मनीत राहून त्यात मत देणाऱ्यांपैकी सुमारे 63 टक्क्यांनी होकार दिला. तेव्हा जर्मनीत अनेकांनी विचारलं, इथे लोकशाहीचे फायदे घ्यायचे आणि तिकडे एका माणसाच्या हाती सत्ता द्यायची, हे कसं? तिसरा मुद्दा असा, की नागरिकत्व हे देशात मिसळण्याच्या वाटेचं शेवटचं टोक असावं. ते आधीच हातात दिलं तर भाषा शिकायला, मिसळायला माणूस कशाला धडपडेल?

बाजूने बोलणारे म्हणत, वाट उलटी आहे. दारात उभं करून ठेवलेला माणूस घर आपलं मानत नाही. घरात घेतला की मानायला लागतो. शिवाय नियम सगळ्यांना सारखा नव्हता. युरोपीय संघातल्या देशांच्या लोकांना आपलं जुनं नागरिकत्व ठेवून जर्मन होता येत होतं. जे देश नागरिकत्व सोडूच देत नाहीत, त्यांच्या लोकांनाही सूट होती. नवे नागरिक होणाऱ्यांत निम्म्याहून जास्त जण दोन्ही पासपोर्ट ठेवतच होते. अडत होते ते मुख्यतः तुर्की लोक. मग धोका दुहेरी नागरिकत्वाचा, की विशिष्ट माणसांविषयीच्या संशयाचा?

कागदाने सगळं मिटत नाही, हेही खरं. मेसुत ओझिल हा फुटबॉलपटू जर्मनीतच जन्मला आणि जर्मनीकडून खेळता यावं म्हणून त्याने तुर्की नागरिकत्व सोडलं. 2014 मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो होता. 2018 मध्ये तुर्कस्तानच्या अध्यक्षांबरोबर फोटो काढल्यावरून त्याच्यावर टीकेची झोड उठली आणि संघही लवकर हरला. संघ सोडताना त्याची तक्रार होती, की जिंकलो की मी जर्मन असतो आणि हरलो की बाहेरून आलेला. फोटो काढायला नको होता असं म्हणता येईल. पण एकच पासपोर्ट असूनही त्याच्या निष्ठेवर संशय आलाच. दुसरीकडे चेम ओझ्देमीर, तुर्की कामगाराचा मुलगा, 1994 मध्ये खासदार झाला आणि 2021 मध्ये देशाचा शेतीमंत्री. दोन्ही गोष्टी एकाच देशात घडल्या.

2024 चा कायदा

27 जून 2024 पासून जर्मनीत नवा नियम लागू झाला. जुनं नागरिकत्व न सोडता जर्मन होता येतं. आठऐवजी पाच वर्षं राहिलं की अर्ज करता येतो. आई किंवा बाप पाच वर्षं कायदेशीर राहिले असतील आणि कायम राहण्याचा हक्क असेल, तर तिथे जन्मलेलं मूल जर्मन.

यात आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती म्हाताऱ्या पाहुणे कामगारांसाठीची सवलत. जे 30 जून 1974 पर्यंत पश्चिम जर्मनीत आले, त्यांना लेखी परीक्षा नाही. रोजच्या व्यवहारापुरतं बोलता आलं की पुरे. तरुणपणी त्यांना कुणी भाषा शिकवली नव्हती, फक्त काम दिलं होतं. साठ वर्षांनी का होईना, देशाने ते ध्यानात घेतलं.

अटीही आहेत. भाषा यावी लागते, राज्यघटना मान्य असावी लागते, ज्यूंवर झालेल्या अत्याचारांमुळे जर्मनीवर असलेली जबाबदारी मान्य करावी लागते. जो आपल्या वागण्यातून स्त्री-पुरुष समानता झिडकारतो, त्याला नागरिकत्व नाही. आणि आपलं पोट आपण भरत असलं पाहिजे. या शेवटच्या अटीवर तिथल्या अनेक संघटनांनी बोट ठेवलं. एकटीने मुलं वाढवणारी, आजारी माणसाची सेवा करणारी बाई पूर्ण वेळ नोकरी करू शकत नाही आणि सरकारी मदत घ्यावी लागते. ती मग वगळली जाते. घरातलं काम हे काम धरलं जात नाही, हे दुखणं तिकडेही आहे.

2024 मध्ये सुमारे 2 लाख 92 हजार लोक जर्मन नागरिक झाले. वाद मात्र थांबलेला नाही. विशेष कामगिरी करणाऱ्यांना तीन वर्षांत नागरिकत्व देण्याची सोय होती, ती पुढच्या सरकारने 2025 मध्ये रद्द केली. दुहेरी नागरिकत्व मात्र ठेवलं.

आता आपल्या मुलींचं काय?

मुंबई आणि जर्मनीतलं श्टुटगार्ट ही 1968 पासून भगिनी शहरं आहेत. श्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी, त्या बाडेन-व्युर्टेमबेर्गशी महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यामुळे हा प्रश्न आपल्या दाराशी आला आहे. म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक. नुसतं नोकरीला गेल्याने, तिकडे कितीही वर्षं राहिल्याने किंवा परदेशी माणसाशी लग्न केल्याने भारतीय नागरिकत्व जात नाही.

दोन. आपण होऊन दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. आपल्या घटनेत आणि 1955 च्या नागरिकत्व कायद्यात ते स्पष्ट आहे. जर्मनी आता ‘जुनं ठेवा’ म्हणते, पण भारत ‘ठेवता येणार नाही’ म्हणतो. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलेल्या अनेक गोवेकरांना हाच नियम लागला.

तीन. अशा माणसांसाठी भारताने 2005 पासून ओसीआय कार्ड दिलं आहे. व्हिसाशिवाय कधीही येता येतं, हवं तितकं राहता येतं. पण मत नाही, निवडणुकीला उभं राहता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने मात्र जमीन मिळू शकते, तेव्हा ‘तू आता परदेशी, तुझा वाटा नाही’ असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. तुर्कस्ताननेही आपल्या लोकांना असंच निळं कार्ड दिलं आहे. म्हणजे माहेरी येण्याजाण्याचा, वाट्याचा हक्क राहतो, पण कारभारात बोलण्याचा जातो.

चार. तिकडे मूल जन्मलं तर एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंद करायची असते आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं असतं. म्हणजे मुलाला कोणत्या देशाचा पासपोर्ट घ्यायचा, हे आईबापांना तेव्हाच ठरवावं लागतं.

यात मुलीने काय करावं, हे आम्ही सांगणार नाही. तो तिचा निर्णय. पण तो माहिती असून घेतलेला असावा, एजंटाच्या सांगण्यावरून नव्हे.

गटाच्या बैठकीत यावर बोला. आपल्या गावात बाहेरून येऊन राहिलेली कुटुंबं किती आहेत? त्यांची नावं मतदारयादीत, रेशनकार्डावर आहेत का? त्यांच्या बाया आपल्या बचत गटात आहेत का? नसतील तर अडतं कुठे, कागदावर की आपल्या मनात? जे ठरेल ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी मतदारयादीत नाव कसं नोंदवायचं आणि लग्नानंतर ते कसं बदलायचं, याची माहिती घेऊन आम्ही येऊ.